एक पळी विरजण

चीजबद्दल मला काहीही विचारा! सव्वीस वर्षं मी चीजचं दुकान चालवतोय. चीजच्या गोल चाकाला नुसती टिचकी मारून ते आतून किती मुरलंय हे मी सांगतो. गिऱ्हाईक दारातून आत येतं, तेव्हा त्याच्या चालीवरूनच मला कळतं, याला मऊ हवंय की कडक. ‘पहिल्या घासाला ओल्या मातीचा वास, मग भाजलेल्या बदामाची चव, आणि गिळल्यावर मागे रेंगाळतो तो लाकडाचा धूर,’ असं मी सुरू झालो, की पाव किलो घ्यायला आलेली माणसं अर्धा किलो घेऊन जातात. वर आभार मानतात!

एकच गोष्ट मी आयुष्यात कधी केली नव्हती. चीज.

ते माझी थोरली बहीण करते. ताईची डेअरी माझ्या दुकानापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. खाली डेअरी, वर ताई. लग्न तिने केलं नाही, मदतनीस कधी टिकला नाही. पहाटे उठायचं, दूध तापवायचं, घट्ट झालं की कापायचं, गाळायचं, दाबायचं, मुरवायच्या खोलीतली चाकं एकेक करून उलटायची, आणि हे सगळं एकटीने, न बोलता. बोलायचं काम माझं. असं आमचं बरं चाललं होतं.

ताईच्या चीजचं सगळं बळ एका हातभर उंचीच्या स्टीलच्या कॅनमध्ये होतं. त्या कॅनमध्ये विरजण असायचं. आईने एक्केचाळीस वर्षांपूर्वी लावलेलं. काल लावलेल्यातली एक पळी आज ताज्या कोमट दुधात घालायची, कॅन घोंगडीत गुंडाळायचा, सहा तास हलवायचा नाही. उद्या त्यातली एक पळी पुन्हा नव्या दुधात. एवढंच. पण एक्केचाळीस वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही. आई गेली त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो होतो. ताई मध्येच उठली आणि आत गेली. दहा मिनिटांनी हात पुसत परत येऊन आपल्या जागेवर बसली. कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

याच विरजणावरून आमचं घर दुभंगलं.

आम्हाला एक धाकटी बहीण आहे. तीही चीज करते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई गेल्यावर आठवड्याभरात ती ताईकडे आली आणि म्हणाली, “ताई, एक पळी दे.” ताई म्हणाली, “नाही. दोन घरांत गेलं की त्याचं दोन तऱ्हेचं होईल. आईचं एकच राहू दे.” धाकटी म्हणाली, “आई तुझी एकटीची होती का?” मग जे व्हायचं ते झालं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नंतर बघू.”

अकरा वर्षं झाली त्याला. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी ताईचं चीज विकत राहिलो, आणि ताईला आवडणार नाही म्हणून धाकटीचं एक चाकही दुकानात ठेवलं नाही. धाकटीला सठीसहामासी फोन करायचो. हवापाण्याच्या गप्पा. फोन ठेवला की बरं वाटायचं, की झाला एकदाचा.

तर या वर्षी ताईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन निघालं.

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरबाईंनी नंतर जे सांगितलं ते ऐकून मला घाम फुटला. “दहा दिवस मान खाली घालून बसायचं. जेवताना, बोलताना, झोपताना, तोंड जमिनीकडे. मान वर केलीत तर पडदा पुन्हा सुटेल.”

ताईला! मान खाली! ज्या बाईने आजवर दूधवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत कोणापुढे मान खाली घातली नाही, तिला!

“आणि डोळ्याला पाणी नको,” डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “एक थेंबसुद्धा नको. सांभाळा.”

आता, काही गोष्टी डॉक्टर लोक उघड बोलत नाहीत, त्या आपण ओळखायच्या असतात. मी तिथल्या तिथे ओळखलं. रडू द्यायचं नाही! ताईला कुठलीही वाईट बातमी सांगायची नाही, नाहीतर डोळा गेला!

दहा दिवस डेअरी बंद. दूधवाल्याला सांगून झालं. चाकं उलटायला रोज संध्याकाळी मी जाणार होतो. राहिलं विरजण.

ताई टेबलावरच्या उशीत कपाळ टेकवून बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा आधीपासूनच अंधुक. ती जमिनीशी बोलत होती, आणि जमीन नीट ऐकत नसावी अशा आवाजात बोलत होती.

“रोज सकाळी आठ वाजता. दूध उकळून कोमट करायचं. मनगटावर थेंब टाकून बघायचा. लिहून घे.”

“ताई, सव्वीस वर्षं मी चीजमध्ये आहे.”

“विकतोस तू. लिहून घे.”

“सगळं डोक्यात आहे.”

“म्हणूनच म्हणते, लिहून घे.”

मी लिहून घेतल्यासारखं केलं. तिला कुठे दिसत होतं!

कॅन घरी नेला असता, पण आमची ही शाळेत मुख्याध्यापिका आहे, सकाळी सातला जाते. घर दिवसभर थंडगार. उलट दुकानाच्या मागच्या खोलीत मोठ्या फ्रीजच्या मोटरीवर एक फळी आहे, तिथे बाराही महिने एकसारखी ऊब असते. कॅनसाठी त्याहून चांगली जागा जगात नाही! शिवाय, खरं सांगायचं तर, गिऱ्हाइकांना दाखवायलाही बरं. “एक्केचाळीस वर्षांचं जिवंत विरजण,” मी झाकण किलकिलं करून हळू आवाजात सांगायचो. माणसं पाळण्यातल्या बाळाला बघावं तशी वाकून बघायची.

तीन दिवस सगळं सुरळीत झालं. सकाळी आठला दूध, पळी, घोंगडी. दुपारी दोनला बघावं तर घट्ट, गुळगुळीत, वरून चमकणारं. मला वाटायला लागलं, चीज करणं म्हणजे एवढंच असेल तर ताईने उगाच आयुष्यभर एवढा गंभीर चेहरा करून ठेवलाय.

चौथ्या दिवशी अन्नतपासनीस आले.

उंच, सडपातळ माणूस. हातात कागद लावलेली पाटी आणि छोटी बॅटरी. दुकान बघितलं, सुऱ्या बघितल्या, मग मागच्या खोलीत आले आणि बॅटरीचा झोत घोंगडीवर थांबला.

“या कॅनमध्ये काय आहे?”

खरं सांगायला हरकत नव्हती. पण त्यांच्या कागदावर एक रकाना होता. ‘तयार केल्याची तारीख.’ आणि त्याच्या शेजारी, ‘किती दिवसांत वापरावे.’ आता एक्केचाळीस वर्षांपूर्वीची तारीख लिहून पुढे काय लिहू? कायम?

“फरशी पुसायचं पाणी आहे, साहेब!” मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “घोंगडीत?”

“थंड झालं तर डाग निघत नाहीत.”

“मग ते खाण्याच्या मालाच्या खोलीत, वरच्या फळीवर कसं? आत्ताच्या आत्ता खाली घ्या. बादल्या असतात तिथे ठेवा.”

मी माझ्या हाताने, या हाताने, तो कॅन मोरीशेजारी बादली आणि मॉपच्या जवळ नेऊन ठेवला. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, साहेब गेले की उचलू, असं म्हणत. पण साहेबांनी पुढे काउंटरवर वजनकाटा तपासायला घेतला आणि माझ्या तोंडून ते ओल्या मातीचं आणि भाजलेल्या बदामाचं सुरू झालं. साहेब ऐकू लागले. माणूस ऐकायला लागला की मला थांबता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. वीस मिनिटं गेली.

वीस मिनिटांनी दुकानात एक आंबूस वास दरवळला. मला वाटलं, माझ्या वर्णनाचाच परिणाम. तेवढ्यात साहेबांचा पाय दोन फरश्या पुढे सरकला आणि त्यांनी वजनकाट्याला मिठी मारली.

“मालक!” मागून आवाज आला. साफसफाईच्या मावशी मॉप घेऊन उभ्या होत्या. “हे नवीन पाणी काही कामाचं नाही हो. फेसच येईना! आख्खा डबा ओतला तरी नाही!”

मी बघत राहिलो. मागच्या खोलीपासून दारापर्यंत फरशीवर पांढुरके पट्टे उमटले होते.

“मावशी,” मी म्हणालो, “तुम्हाला ते दुधासारखं दिसलं नाही?”

“फिनेलही पाण्यात टाकलं की दुधासारखंच दिसतं की! आणि तुम्हीच तर साहेबांना सांगत होतात. मी ऐकलं ना. मी म्हटलं, किती महिने मागतेय, आणलं एकदाचं मालकांनी.”

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मला त्याची प्रत दिली आणि भिंतीचा आधार घेत निघून गेले. मी मोरीकडे धावलो. मॉप! मॉप अजून ओला होता! मी उकिडवा बसून दोन्ही हातांनी तो पिळू लागलो. खाली ठेवलेल्या वाटीत राखाडी रंगाचे चार चमचे पडले. त्यात एक सुतळीचा तुकडा आणि कोणाचा तरी लांब केस. मी कॅनकडे वळलो. तळाला थोडं तरी चिकटलेलं असेल!

“तो मी उकळत्या पाण्याने धुऊन ठेवलाय,” मावशी म्हणाल्या. “बघा कसा लख्ख झालाय.”

त्यात माझा चेहरा दिसत होता.

मावशींना मी रागावलो नाही. रागावायला तोंडच नव्हतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “आईचं होतं?”

मी मान हलवली.

त्या दुपारी दुकान बंद करून मी ताईच्या डेअरीत गेलो. कुठेतरी, एखाद्या फडक्याला, एखाद्या पळीला काहीतरी लागलेलं असेल. पण ताईच्या डेअरीत सगळं उकळलेलं, वाळवलेलं, रांगेत लावलेलं. तिथे दुधाचा एक थेंब नव्हता. वरच्या मजल्यावर ताईचा आवाज आला, “कोण आहे?” मी म्हणालो, “मी! चाकं उलटायला आलोय!” आणि खरंच सगळी चाकं उलटली. अठ्ठावीस. दोनदा. काय करावं ते सुचत नव्हतं.

घरी हिला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. पेन खाली ठेवून म्हणाली, “अहो, ताईंना सांगून टाका.”

“सांगून टाकू? रडेल ती! डोळा जाईल तिचा!”

“मग काय करणार आहात?”

मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. ताईच्याच चीजचा एक मुरलेला तुकडा कोमट दुधात कुस्करला, वर बाजारात मिळते ती विरजणाची पूड टाकली, आणि घोंगडीत गुंडाळून ठेवलं. हिने त्याकडे एकदाच पाहिलं. कॉपी करताना सापडलेल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे ती पाहते तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. “कसं आहे?”

“उत्तम! घट्ट, रेशमासारखं, मागून किंचित आंबट...”

“गिऱ्हाइकाशी बोलतोयस का? घेऊन ये. मला वास घ्यायचाय. इथे बसून बसून दुसरं काही सुचत नाही.”

गेलो. ताई तशीच, मान खाली. मी झाकण काढून कॅन तिच्या नाकाखाली धरला. तिने वास घेतला. पुन्हा घेतला. मग कॅनच्या काठावरून हळूहळू हात फिरवला.

“हे आजारी आहे रे,” ती म्हणाली.

ताईचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

“प्रवासाने झालं असेल,” मी म्हणालो.

“तू आठ वाजताच घालत होतास ना?”

“ठोक्याला.”

“मग माझंच काहीतरी चुकलं. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी डोळ्याला दिसत नव्हतं, दूध जास्त तापलं असेल. आईने एकच गोष्ट सोपवली होती माझ्यावर. एकच.” तिचे खांदे हलले.

“ताई! रडू नकोस!” मी एवढ्या जोरात ओरडलो की ती दचकली.

“मी कुठे रडतेय?”

“नाही, पण नकोस! उद्यापर्यंत बरं होईल. शब्द देतो!”

चूक मी केली होती आणि दोष ती स्वतःकडे घेत होती. मी तिला तसं घेऊ दिलं होतं. खाली रस्त्यावर उभा राहून मी विचार केला, की या शहरात, या जगात, मला आता कोण वाचवेल? उत्तर एकच होतं. तेच उत्तर मी अकरा वर्षं टाळत होतो.

धाकटीच्या डेअरीला पुढे एक छोटं दुकान आहे. मी पोहोचलो तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं रांगेत होती. पांढरा एप्रन, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस पांढरे झालेले. तिने मला पाहिलं, पण हात थांबवला नाही. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला.

“काय देऊ?” ती म्हणाली. कोणाही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

“विरजण,” मी म्हणालो.

तिने सुरी खाली ठेवली. मागे उभ्या असलेल्या बाईंना म्हणाली, “दहा मिनिटांनी या हं,” आणि दार लावून घेतलं.

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, कॅन, तपासनीस, मॉप. मॉपपाशी तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला.

“डोळा कसा आहे तिचा?”

“ठीक आहे. पण रडली तर जाईल.”

“आणि तू माझ्याकडे आलास. ती एक पळी द्यायला नाही म्हणाली तेव्हा तू काय म्हणालास आठवतं, दादा? ‘नंतर बघू.’ अकरा वर्षं झाली. बघतोयस?”

मी काउंटरवरच्या सुरीकडे बघत राहिलो.

“तुझ्या दुकानावरून मी कितीदा गेलेय. काचेतून बघायची. सगळीकडची चाकं दिसायची. समुद्रापलीकडून आलेली सुद्धा. माझं एक नाही.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. माझ्यासाठी हे फारच थोडक्यात होतं.

तिने हात एप्रनला पुसले. मग आत गेली आणि एक काचेची बरणी घेऊन आली. बरणीला लहान मुलाचा जुना, उसवलेला लोकरी स्वेटर गुंडाळलेला होता. तिने झाकण काढलं.

मी वास घेतला. आमचं जुनं स्वयंपाकघर. खिडकीखालचा ओटा. आईचे ओले हात. मी सव्वीस वर्षं वासांची वर्णनं विकतोय, पण त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही.

“आईने दिलं,” धाकटी म्हणाली. “जायच्या महिनाभर आधी. म्हणाली, ताईला सांगू नकोस, ती मनाला लावून घेते.”

“म्हणजे तुझ्याकडे होतंच? मग ताईकडे मागितलंस कशाला?”

“उघडपणे वापरता यावं म्हणून. तिने आपल्या हाताने द्यावं म्हणून.” तिने बरणीच्या स्वेटरची सुटलेली लोकर आत खोचली. “नाही म्हणाली. मग आईचं नाव कशी सांगू? गेलेल्या माणसावर चिडून बसली असती. म्हणून रोज एक पळी घालून जिवंत ठेवलं, पण चीजला कधी लावलं नाही. चीज पुडीतल्या विरजणाचं. तरी बरं होतं माझं.”

“अकरा वर्षं? रोज? नुसतंच?”

“मग काय टाकून देऊ? घे. अर्धं ओत कॅनमध्ये. डोळा बरा झाला की तिला खरं सांग. तोपर्यंत तोंड बंद. जमेल?”

“जमेल!”

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईसमोर कॅन धरला. “बरं झालंय बघ,” मी म्हणालो. तिने वास घेतला. मग पुन्हा, खोलवर घेतला.

“हे माझं नाही,” ती म्हणाली.

“तुझंच! काल आजारी होतं, आज...”

“माझं अकरा वर्षांत थोडं बदललं होतं. डेअरीची हवा वेगळी, दूध वेगळं. मला कळत होतं, मी कोणाला बोलले नाही. हे आईच्या वेळचं आहे.” “धाकटीकडे होतं?”

मी तोंड बंद ठेवलं. शब्द दिला होता. पण माझं तोंड बंद असणं हेच उत्तर होतं, एवढं ताईला कळतं.

“आईने दिलं असणार. आणि तिने ठेवलं. मी एक पळी दिली नाही, आणि तिने...” टप्. जमिनीवर एक थेंब पडला. टप्. दुसरा.

मग माझा धीर सुटला! “ताई! नको! डोळा!” मी रुमाल काढला, तो तिच्या पट्टीवर दाबायला गेलो, तिने हात झटकला, पाण्याचा पेला उपडा झाला. मी धाकटीला फोन लावला, “ताई रडतेय, डोळा जातोय, लवकर ये!” आणि ठेवला. मग डॉक्टरबाईंना लावला. “बाई! दोन थेंब! नाही, आता चार!”

“कसले थेंब?”

“अश्रू! तुम्ही म्हणाला होतात, डोळ्याला पाणी नको!”

मग डॉक्टरबाई फार हळू आणि स्पष्ट बोलल्या. “अहो, अंघोळीचं पाणी. नळाचं पाणी. बाहेरचं. रडल्याने काही होत नाही. चोळू नका म्हणावं. पट्टी ओली झाली असेल तर बदला.”

“म्हणजे ती रडली तरी चालतं?”

“हवं तेवढं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणजे चौथ्या दिवशीच मी सगळं खरं सांगू शकलो असतो! मी पट्टी बदलली. माझ्या हातांना ते पहिलंच नीट झालेलं काम होतं.

पट्टी बदलून पाऊण तास झाला असेल, तोच जिन्यावर रबरी बुटांचा आवाज आला. धाकटी दारात उभी राहिली. एप्रन तसाच, धापा टाकत, एका हातात चीज कापायची तार. दुकान उघडं टाकून आली होती.

ताई मान खाली घालून बसलेली. हलली नाही.

धाकटीने वाट पाहिली. मग तिचा चेहरा कठीण झाला. “मान वर करून बघणारसुद्धा नाहीस? ठीक आहे.” ती वळली.

“अगं, तिला...” मी सुरू केलं.

“तू गप्प बस!” दोघी एकदम म्हणाल्या.

मग ताई जमिनीकडे बघतच बोलली. “मला मान वर करायची बंदी आहे गं. अजून चार दिवस. मला तुझे बूट दिसतायत फक्त. दुधाने माखलेत.”

धाकटी उभी राहिली. मग तिने तार टेबलावर ठेवली, खाली बसली, आणि पंचावन्न वर्षांची ती बाई, एप्रन आणि रबरी बुटांसकट, ताईच्या खुर्चीसमोर फरशीवर चक्क उताणी आडवी झाली. सरकत सरकत डोकं बरोबर ताईच्या चेहऱ्याखाली आणलं.

“आता दिसतेय?”

“अंधुक,” ताई म्हणाली. “केस पांढरे झाले तुझे.”

“तुझेही.”

“एक पळी द्यायला हवी होती मी.”

“असू दे.”

“असू दे नाही. द्यायला हवी होती.”

“ताई, कपाळावर थेंब पडला माझ्या.”

“पडू दे. डॉक्टर म्हणाल्यात, चालतं.”

मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती, पण ती मी बराच वेळ बघितली. मागे दोघी बोलत होत्या. एक वरून खाली, एक खालून वर. आईबद्दल, दुधाबद्दल, धाकटीच्या गुडघ्याबद्दल. चहा करून आणला तर दोघींनाही तो नेमका पिता येईना. एकीला मान वर करता येत नव्हती आणि दुसरीला उठायचं नव्हतं.

“पण एक सांगा,” ताई मध्येच म्हणाली. “माझ्या कॅनमधलं कुठे गेलं?”

मी पहिल्यापासून सांगितलं. काही लपवलं नाही. बदामसुद्धा सांगितले.

“एवढी मोलाची गोष्ट याच्याकडे दिलीसच कशी?” धाकटीने फरशीवरून विचारलं.

“मग कोणाकडे देऊ? दुसरं होतं कोण?”

“मी होते ना.”

ताईचा हात खाली गेला, चाचपडत, आणि धाकटीच्या केसांवर थांबला.

“हो,” ती म्हणाली. “तू होतीस.” मग थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात, “यापुढे मात्र याला कॅनजवळ फिरकू द्यायचं नाही.”

“कॅन काय, पळीसुद्धा हातात द्यायची नाही.”

“दुकानात दोघींची चाकं शेजारी शेजारी ठेवेल. तेवढं पुरे.”

“आणि कमी बोलेल.”

“हो. ते आधी.”

अकरा वर्षांत माझ्या दोन्ही बहिणींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी कप उचलले आणि काही न बोलता विसळायला घेऊन गेलो.